माझा मुलगा ‘नाही’ म्हणेल

२५ जानेवारी १९६१

नव्या वर्षाची वही घेतली तेव्हा वाटले होते, हिच्यात थंडीचे आणि माझ्या गुडघ्यांचेच लिहावे लागेल. आज प्रथमच लिहिण्याजोगे काही घडले.

आमचे एक प्रवासी जहाज भर समुद्रात आमच्याच एका कप्तानाने आपल्या माणसांसह ताब्यात घेतले आहे. साऱ्या जगाला त्याने बिनतारी संदेश दिला की, पोर्तुगालात तीस वर्षांहून अधिक काळ एकच म्हातारा खुर्ची धरून बसला आहे आणि हे जहाज म्हणजे मोकळ्या पोर्तुगालचा पहिला तुकडा आहे. लिस्बनची वर्तमानपत्रे त्याला ‘समुद्री चाचा’ म्हणतात. जहाज पळवणारा चाचा असेल, तर देश पळवणाऱ्याला काय म्हणावे, हे त्यांनी छापलेले नाही. छापणार कसे? प्रत्येक पानावर सेन्सॉरचा शिक्का आहे.

हे सगळे मी कुस्तोदिओच्या औषधाच्या दुकानात, मागच्या खोलीत ऐकले. खोकल्याच्या बाटल्यांमागे त्याचा रेडिओ असतो आणि लंडनच्या बातम्या लागल्या की तो आवाज इतका कमी करतो की आम्ही दोघे डोक्याला डोके लावून बसतो. त्या झटापटीत जहाजावरचा एक अधिकारी मेला, असे तो म्हणाला. मी म्हणालो, स्वातंत्र्याला किंमत पडते. त्यावर तो गोळ्या मोजत म्हणाला, “पडते खरी. पण दर वेळी ती दुसराच कुणीतरी देतो, वकीलसाहेब.”

कुस्तोदिओ भित्रा आहे. पण रेडिओ त्याचा आहे.

घरी येऊन बायकोला, देओलिंदाला, हे सारे वाचून दाखवले. माझी वाक्ये मी तिला नेहमीच वाचून दाखवतो; न्यायालयातली जुनी सवय, कानाला कसे लागते ते बघायचे. ती म्हणाली, “चांगलं आहे. वही कुलपात ठेव.” मी म्हणालो, मी जे लिहितो ते चौकात उभा राहून म्हणायला तयार आहे. ती म्हणाली, तेच तर.

१९ मार्च

चार दिवसांपूर्वी आफ्रिकेतल्या आमच्या आंगोला वसाहतीच्या उत्तरेत बंडखोरांनी कत्तल केली. कॉफीच्या मळ्यांतली आमची माणसे, बायका, लेकरे. सेन्सॉरने आज अचानक छायाचित्रे छापू दिली आहेत. एरवी संपाची बातमीसुद्धा न सोसणारे सरकार आज कापलेल्या मुलांचे फोटो पहिल्या पानावर सोसते, कारण आता त्याला रक्त हवे आहे. आणि कत्तलीच्याच दिवशी न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांत, अमेरिकेने आमच्याविरुद्ध मत दिले. मला मारेकऱ्यांचा राग आला, सरकारचा आला, अमेरिकेचा आला. एवढे राग एका छातीत मावत नाहीत.

जेवताना हे बोललो. दुआर्त घरी होता. कोइंब्राच्या विद्यापीठात कायद्याचे दुसरे वर्ष नापास होऊन तो जानेवारीपासून घरीच आहे. सूप ढवळत म्हणाला, “बाबा, जानेवारीत तिथे कापूस पेरायला नकार देणाऱ्या गावांवर विमानांतून बाँब टाकले. त्याचे फोटो कुठे आहेत?”

हे त्याला कुठून कळले, विचारले. कोइंब्रात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणाला. मी त्याला समजावले की म्हाताऱ्याच्या आधीचे गणराज्य टिकले असते तर आंगोलात शाळा उभ्या राहिल्या असत्या, सक्ती नसती. त्याने मान हलवली. मुलगा हुशार आहे, पण वादात टिकत नाही. दोन वाक्यांत गप्प होतो.

१५ एप्रिल

एका रशियन माणसाने पृथ्वीला फेरी मारली. पावणेदोन तासांत. दुसऱ्याच दिवशी आमच्या सेनापतींना लिस्बनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचता आले नाही. म्हाताऱ्याला हटवायचा बेत होता, म्हणे. बेत करताना त्यांनी म्हाताऱ्याला कळू दिले. मग म्हाताऱ्याने त्यांनाच हटवले, युद्धखाते स्वतःकडे घेतले आणि रेडिओवर सांगितले, आंगोलाला, ताबडतोब आणि पूर्ण बळानिशी.

आपण कुणाचे बळ वापरणार, हे तो बोलला नाही. ज्याने आयुष्यात कधी बंदूक धरली नाही, ज्याला मूल नाही, बाळ नाही, तो आता आमची मुले जहाजांत भरणार.

देओलिंदा रेडिओ चालू असताना दुआर्तच्या मोज्यांना रफू करत होती. बातमी संपल्यावर तिने विचारले, नापास झालेल्यांची लष्करभरतीतली सूट कधी संपते. मी सांगितले, संपलीच आहे.

११ जून

आज आमच्या गावच्या वीस वर्षांच्या पोरांची लष्करी तपासणी झाली. जुनी रीत आहे : पास झालेल्याने छातीला लाल फीत लावायची, पुढच्या वर्षी या म्हटलेल्याने हिरवी, आणि शरीराने नालायक ठरलेल्याने पांढरी. मग अ‍ॅकॉर्डियन वाजवत गावभर नाचायचे, घराघरांतून दारू प्यायची. पूर्वी पांढऱ्या फितीवाल्याची लाज वाटायची. आज पांढरी फीत मिळालेल्या एका लंगड्या पोराला त्याच्या आईने चौकात मिठी मारली आणि सगळ्या बायकांनी त्या दोघांकडे भुकेल्यासारखे पाहिले.

दुआर्तची फीत लाल. तो नाचला नाही. घरी येऊन ती टेबलावर ठेवली आणि वर गेला.

संध्याकाळभर विचार करून मी ठरवले आहे. जहाज पळवून काही होत नाही, सेनापतींकडून काही होत नाही. एकाच गोष्टीने होईल. जानेवारीत हजर व्हायचा हुकूम येईल. त्या दिवशी दुआर्तने छावणीच्या फाटकाशी जावे, सर्वांसमक्ष ताठ उभे राहावे आणि म्हणावे, नाही. पळून नव्हे, लपून नव्हे. दिवसाढवळ्या, स्वतःच्या नावाने. मग खटला होईल. खटला मी चालवीन. तीस वर्षे मी मेंढ्यांच्या वाटण्या आणि पाण्याचे पाट यांवर बोललो. हे भाषण मी त्यासाठीच राखून ठेवले होते, हे मला आज कळले.

दुआर्तला सांगितले. त्याने टेबलावरची लाल फीत उचलून खिशात घातली. मग म्हणाला, “हो, बाबा.”

मला एवढे बरे वाटले की डोळ्यांत पाणी आले.

१३ जून

कुस्तोदिओला बेत सांगितला. तो म्हणतो, खटला लष्करी, दार बंद, बातमी छापायची नाही. भाषण ऐकणार कोण? तीन न्यायाधीश आणि एक शिपाई, आणि त्यांतला शिपाई पेंगत असेल. पोरगा मात्र किल्ल्यात सडेल, नाहीतर बेड्या घालून आंगोलाला.

मी म्हणालो, सगळ्यांनी असाच हिशेब केला म्हणून आपण पस्तीस वर्षे कुजबुजतो आहोत. तो म्हणाला, “माझं ठीक आहे हो, मला मुलगा नाही. कुजबुजायला तरी कुणी उरू दे.”

आठवडाभर त्याच्या दुकानात जाणार नाही.

२० ऑगस्ट

बर्लिनमध्ये रशियनांच्या बाजूने भिंत घालताहेत. काटेरी तार, मग विटा. आपल्याच लोकांना आत कोंडायला! जे सरकार आपल्या माणसांना जाऊ देत नाही ते सरकार नव्हे, तुरुंगाचा जेलर आहे. पहाऱ्यावरच्याच एका कोवळ्या शिपायाने तारेवरून उडी मारली, बंदूक टाकून. त्याचा फोटो आला आहे. मी देओलिंदाला म्हणालो, या पोराच्या त्या एका उडीत सगळ्या युरोपच्या भाषणांहून जास्त अर्थ आहे.

दुआर्तने तो फोटो कात्रीने कापून घेतला. म्हणाला, “बाबा, हा उडी मारून गेला तर तुम्हाला आवडला.”

मी म्हणालो, अर्थातच.

“आणि फ्रान्सला जाणारे आपले लोक?”

ते वेगळे, मी समजावले. आमच्या डोंगराकडची खेडीच्या खेडी रातोरात स्पेन ओलांडून पॅरिसला बांधकामावर जातात. ते पोटासाठी जातात. त्यांना मी दोष देत नाही. पण शिकलेल्या माणसाने देश म्हाताऱ्याच्या हवाली करून जाणे म्हणजे पळ काढणे. भिंतीच्या त्या बाजूला कुणी उरलाच नाही तर भिंत पाडणार कोण? दुआर्तने हे नीट ऐकून घेतले. त्याच्यात बदल जाणवतो. पूर्वी तो तोंड फिरवायचा.

१० ऑक्टोबर

निवडणूक आली. चार वर्षांतून एकदा महिनाभर विरोधकांना बोलू देतात, जसे कैद्याला अंगणात फिरवतात. जिल्ह्यातून आमच्या उमेदवारांची यादी उभी आहे. थिएटरातल्या सभेत मुख्य भाषण माझे.

घरात मात्र निराळेच चालले आहे. सीमेकडच्या खेड्यातली आल्बेर्तिना मावशी पूर्वी महिन्यातून एकदा चीज घेऊन यायची, आता आठवड्याला येते. स्वयंपाकघरात देओलिंदाशी तासतासभर बोलते. एवढे चीज कोण खाणार, मी विचारले. देओलिंदा म्हणाली, हिवाळ्यात लागतं. बायकांना अशा वर्षात चीज सुचते, याचा मला संताप येतो. पण बोललो नाही. सभेचे काम आहे.

५ नोव्हेंबर

सभा झाली. 

थिएटर तुडुंब भरले होते. गिरणीतले विणकर, त्यांच्या बायका, मेंढपाळ, खाली जागा नाही म्हणून सज्जावर. कायद्याप्रमाणे सरकारचा प्रतिनिधी व्यासपीठावरच, माझ्या डाव्या हाताला, टोपी मांडीवर ठेवून. दाराशी लिस्बनहून आलेला तो गुप्त पोलिस, ज्याला सगळे ओळखतात आणि कुणी नमस्कार करत नाही.

महागाईवर बोललो, टाळ्या. सेन्सॉरवर बोललो, टाळ्या. मग आंगोला म्हणालो आणि प्रतिनिधी उभा राहिला. म्हणाला, युद्धावर बोलायला परवानगी नाही. पुन्हा तो शब्द काढलात तर सभा बंद करीन.

 अशा क्षणी माणसाच्या तोंडून जे येते ते त्याचे स्वतःचे नसते. मी म्हणालो, “ठीक आहे. मी युद्धावर बोलत नाही. मी माझ्या मुलावर बोलतो. बापाला मुलावर बोलायला तरी परवानगी आहे ना?”

प्रतिनिधी गोंधळला. बसला.

“माझ्या मुलाचं नाव दुआर्त. तो वर सज्जात बसला आहे. जानेवारीत त्याला फाटकाशी बोलावणार आहेत. आणि मी तुम्हाला आज सांगतो, तो जाईल, आणि माझा मुलगा ‘नाही’ म्हणेल.”

 मग जो आवाज उठला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. बायका रडत होत्या. एक विणकर खुर्चीवर चढला. सगळी डोकी सज्जाकडे वळली. दुआर्त उभा राहिला. चुन्यासारखा पांढरा होता, पण उभा राहिला. मी त्याला हात केला.

देओलिंदा पहिल्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती दाराकडे बघत होती, त्या पोलिसाकडे. घरी येताना ती झपाझप पुढे चालत होती. शेवटी मीच विचारले, कसे झाले. म्हणाली, “आवाज शेवटपर्यंत पोचला.”

१२ नोव्हेंबर

आज मतदान. आमच्या यादीने देशभर माघार घेतली, कारण मतदारयाद्या खोट्या, सभा बंद, कार्यकर्ते आत. बरोबर केले. म्हाताऱ्याला सगळ्या जागा मिळाल्या. त्याला आता विरोधकांचे मतही स्वतःच टाकावे लागेल.

मला अटक झालेली नाही. आठवडा झाला. एवढ्या भाषणानंतर अटक न करणे हा अपमान आहे.

१६ नोव्हेंबर

दुआर्त आज पहाटे कोइंब्राला गेला. उधारीवर घेतलेली पुस्तके परत करायची आहेत, मित्रांना भेटायचे आहे. ख्रिसमसच्या आत येतो म्हणाला. खटल्याआधी माणसाने सगळ्यांचा निरोप घ्यावा, हे मला पटले. देओलिंदाने त्याला दोन गंज्या एकावर एक घालायला लावल्या आणि त्याच्या बुटांना मेंढीची चरबी चोळली. कोइंब्राला रेल्वेने जाणाऱ्या माणसाला चरबी कशाला, मी हसलो. दुआर्तही हसला. मग त्याने मला मिठी मारली. बराच वेळ. मी म्हणालो, “अरे, धीर धर. अजून दीड महिना आहे.”

२४ नोव्हेंबर

आज तो पोलिस घरी आला. अखेर! मी कोट घालून तयारच झालो. पण त्याला मी नको होतो. मुलगा कुठे आहे, विचारले.

मी सांगितले, कोइंब्राला. खात्री आहे का, म्हणाला. आजकाल खूप तरुण डोंगर ओलांडतात.

मला जो संताप आला तो मी आवरला नाही. त्याला दारात उभे करून सुनावले. माझा मुलगा पळेल? चोरासारखा डोंगरातून? त्याने भर सभेत उभे राहून शब्द दिला आहे. सरकारला शब्द म्हणजे काय ते ठाऊक नाही म्हणून सगळेच पळपुटे वाटतात. चार जानेवारीला फाटकाशी या आणि बघा. शेजारची दारे उघडली, लोक बाहेर आले; तरी मी थांबलो नाही.

तो ऐकत राहिला. जाताना चक्क टोपी काढली. म्हणाला, “वकीलसाहेब, मी अनेक बापांना विचारतो. खोटं बोलणारा बाप लगेच कळतो.”

आत आलो तर देओलिंदा भिंतीला टेकून उभी होती. तिने माझा हात हातात घेतला आणि त्यावर ओठ टेकले. असे तिने पंचवीस वर्षांत केले नव्हते. माझे बोलणे तिला शेवटी पटले.

२ डिसेंबर

दुआर्तचे पत्र नाही. कोइंब्राला तीन पत्रे टाकली.

आज देओलिंदाच्या शिवणाच्या डब्यात कात्री शोधताना दुआर्तचा फोटो सापडला. फाडलेला. अर्धाच. एक डोळा, एक कान, अर्धे तोंड. मी सुन्न झालो. मुलगा पंधरा दिवस लिहीत नाही म्हणून आईने त्याचा फोटो फाडावा? मी तिला बोलावून विचारले. डब्याचे झाकण लावत ती म्हणाली, “हो. रागावले होते.”

मी म्हणालो, हा राग मी घरात ठेवणार नाही, आणि तो तुकडा चुलीत टाकला. तिने जाळात हात घालून तो काढला. बोटे भाजली. मी लोणी लावायला गेलो तर तिने मला दूर ढकलले. तुकडा शालीखाली नेला.

आपल्या दुःखाची माणसाला एवढी ओढ असावी, हे मला समजत नाही.

१९ डिसेंबर

गोवा गेला. काल हिंदी सैन्य शिरले आणि आज आमच्या सैन्याने शरण जाण्याचे निशाण दाखवले. साडेचारशे वर्षे, दीड दिवसात.

कुस्तोदिओच्या मागच्या खोलीत रेडिओ ऐकला. (रुसवा मी केव्हाच सोडला आहे.) मला रडू येत होते आणि संतापही. तो म्हणाला, तुम्ही कशाला रडता? तिथल्या लोकांना काय हवंय, हे आपण कधी विचारलं का? मी म्हणालो, म्हाताऱ्याने नाही विचारले. गणराज्याने विचारले असते. तो म्हणाला, “गणराज्य सोळा वर्षं होतं, वकीलसाहेब. तेव्हा मी लहान नव्हतो. नाही विचारलं.”

याला उत्तर आहे. ते मी लिहून काढीन.

पण खरा संताप दुसराच आहे. लंडनच्या रेडिओने सांगितले की म्हाताऱ्याने तिथल्या सैन्याला हुकूम पाठवला होता : शरणागती नाही, आमचे सैनिक एकतर विजयी असतील, नाहीतर मेलेले. मूठभर पोरे, जुन्या बंदुका, समोर अफाट सैन्य. आणि हा लिस्बनमध्ये, पायांवर कांबळे घेऊन, मरा म्हणतो! त्याला माणसे नको होती, पुतळे हवे होते. त्यांनी मरून दाखवले नाही म्हणून आता त्यांना भित्रे ठरवणार.

घरी येऊन मी लिहिले : ‘जो दुसऱ्याच्या मुलाला आपल्या अभिमानासाठी उभे राहून मर म्हणतो आणि स्वतः घरी बसून भाषण तयार करतो, त्याला बाप म्हणवून घ्यायचा अधिकार नाही, मग तो देशाचा का असेना.’ देओलिंदाला वाचून दाखवले.

तिने हातातले काम खाली ठेवले. म्हणाली, “वाक्य खूप चांगलं आहे, अबिलिओ. पण बाहेर कुठे वाचू नकोस.”

का, विचारले. म्हणाली, “लोक विचारतील, कुणाबद्दल आहे.”

कुणाबद्दल आहे हे उघड आहे. तरी झोप येत नाही.

२३ डिसेंबर

जे घडले ते क्रमाने लिहितो, नाहीतर हात चालणार नाही.

दुपारी स्वयंपाकघरात गेलो. आल्बेर्तिना मावशी बसली होती. टेबलावर फ्रेंच तिकिटाचा लिफाफा होता आणि दोघींच्या मध्ये दुआर्तचा चेहरा. पूर्ण. एक अर्धा कडेने जळलेला, दुसरा पाण्याने फुगलेला, फाटलेल्या कडा एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या.

“पोचलं पोरगं,” मावशी मला म्हणाली. “माझा भाऊ वाट दाखवायला होता, तो सांगत होता, बर्फात लई चांगलं चाललं. वकिलाचं पोर वाटलंच नाही.”

मग मला सांगण्यात आले, जे या डोंगरातल्या प्रत्येक शेळीला ठाऊक आहे. जाणाऱ्याचा फोटो मधोमध फाडतात. अर्धा घरी, अर्धा त्याच्या बुटात. वाटाड्याचे उरलेले पैसे तिसऱ्याच कुणाकडे ठेवतात. पोरगा फ्रान्सला सुखरूप पोचला की आपला अर्धा परत पाठवतो. दोन्ही जुळले तरच वाटाड्याला पैसे. म्हणजे वाटाड्या त्याला वाटेत टाकून देत नाही. पोचल्याची खूण दुसरी नाही. आणि मी ती चुलीत टाकली होती.

पैसे कुणाकडे होते, विचारले. पाद्रीबाबाकडे. ज्याच्याकडे मी वीस वर्षे पाठ फिरवून बसतो! कुस्तोदिओला ठाऊक होते. पाद्रीला ठाऊक होते. गावात मी सोडून बहुतेक सर्वांना ठाऊक होते.

मी ओरडलो. जेवढे शब्द होते तेवढे वापरले. विश्वासघात म्हणालो, पळपुटेपणा म्हणालो, माझ्या शब्दाची किंमत विचारली. मावशीने चिजाची टोपली उचलली आणि शांतपणे निघून गेली. देओलिंदा बसून राहिली. मी थकल्यावर बोलली.

“जानेवारीत गुपचूप हजर होऊन, उन्हाळ्यात रजेवर आला की जायचं होतं. डोंगरात बर्फ नसताना. तू थिएटरात त्याचं नाव घेतलंस, त्या रात्रीपासून घरावर पाळत होती. म्हणून भर थंडीत पाठवावा लागला.”

मला का नाही सांगितले, मी विचारले.

“तुला खोटं बोलता येत नाही. आजवर कधी आलं नाही. तो पोलिस आला, तू दारात जे बोललास ते मला शंभर वर्षांत जमलं नसतं. त्यानं टोपी काढली, अबिलिओ. तेव्हा आपला दुआर्त अजून स्पेनमध्ये होता, कुणाच्या तरी गोठ्यात लपलेला. तुझ्या रागाच्या आड लपून तो पार गेला.”

माझ्या रागाचा उपयोग केला, म्हणजे. जसा पाणचक्कीला ओढ्याचा करतात.

लिफाफ्यात फोटोशिवाय काहीच नव्हते. बापाला एक ओळसुद्धा नाही.

२५ डिसेंबर

काल रात्री कॉड मासा आणि कोबी. दोघेच. तिने मधोमध तिसरी थाळी मांडली होती. मी ती उचलून ठेवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

२ जानेवारी १९६२

नव्या वर्षाच्या पहाटे दक्षिणेत एका छावणीवर आमच्याच लोकांनी हल्ला केला. फसला. माणसे मेली. शूर होती. रेडिओ ऐकताना नेहमीसारखी छाती भरून आली नाही. मी विचारत होतो, त्यांतल्या कुणाची आई त्याच वेळी मोजे रफू करत होती.

परवा फाटकाशी जायचे आहे. देओलिंदा म्हणते, नको. पण मी शब्द दिला आहे, लोक येतील, त्यांच्यासमोर कुणीतरी उभे राहिले पाहिजे. मी जाऊन म्हणेन, तो येणार नाही. हशा झाला तर झाला.

५ जानेवारी

काल लिहू शकलो नाही, ठाण्यात होतो.

फाटकाशी धुके होते. पोरे गाठोडी घेऊन उभी, मुदत दुपारपर्यंतची. माझ्या सभेला आलेले बरेच लोक रस्त्यापलीकडे गुपचूप जमले होते. पोलिस फाटकाच्या खांबाशी. त्याने मला बघितले आणि माझ्या मागे दुआर्तला शोधले.

मी तोंड उघडणार तोच झुल्मिरा पुढे आली. गिरणीतली विणकरीण, विधवा. सोबत तिचा औरेलिओ, कोटाला अजून ती जूनची लाल फीत. ती खालच्या आवाजात म्हणाली, “साहेब, दुआर्त कुठाय? माझा म्हणतो, वकीलसाहेबांचा पहिला ‘नाही’ म्हणाला की मी दुसरा म्हणणार. त्या सभेपासून हेच धरून बसलाय. मी काय करू?”

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती खरोखर विचारत होती. औरेलिओच्या डोळ्यांत माझेच भाषण होते, शब्दन् शब्द. मला कुणी न सांगता दिसले : बंद खोली, तीन न्यायाधीश, पेंगणारा शिपाई. आणि माझ्या मुलाच्या जागी हा.

मी औरेलिओला विचारले, “नाव दिलंस का आत?”

“अजून नाही.”

“मग देऊ नकोस. आईबरोबर आत्ता माझ्या घरी जा. माझ्या बायकोशी बोल.”

तो म्हणाला, “पण तुम्ही तर सांगितलं होतं...”

“चूक सांगितलं होतं. जा. धावू नका.”

पोलिस आमच्याकडे बघत होता. खांब सोडून तो आमच्याकडे निघाला होता. तेव्हा मी रस्ता ओलांडून सरळ फाटकाशी गेलो, पहारेकऱ्याच्या नाकासमोर, टोपी काढली आणि खटल्यासाठी लिहिलेले भाषण सुरू केले. मोठ्याने. आंगोला हा शब्द पहिल्याच वाक्यात. गोव्यातल्या सैनिकांचे नाव दुसऱ्यात. पहारेकऱ्याने बंदूक आडवी केली; मी तिच्यावर हात ठेवून बोलत राहिलो. अधिकारी बाहेर आला. पोलिस वळून माझ्याकडे धावला. पोरे, आया, सगळी गर्दी माझ्याभोवती दाटली. म्हातारा शरमेने वेडा झाला, असे कुणीतरी म्हणाले. ते मी ऐकले आणि आवाज आणखी चढवला.

दिवसभर मला बाकावर बसवून ठेवले. अधिकाऱ्याला माझी दया आली होती. मुलगा पळाला म्हणून बापाचे डोके फिरले, असे त्याने कागदावर लिहिले आणि सोडून दिले. मी ते नाकारले नाही.

तीस वर्षे भाषण करताना मी दर वाक्याला समोरच्या चेहऱ्यांकडे बघत आलो. काल एकाही चेहऱ्याकडे पाहिले नाही, आणि त्या पहिल्या दोन वाक्यांपुढे काय बोललो त्यातला एक शब्द आज आठवत नाही. त्या मायलेकांच्या पाठीकडे वळून पाहायचे नाही, एवढेच ध्यानात ठेवले होते.